अठ्ठेचाळीस तासांचे वचन : शमँ दे दामची चढाई, १९१७

फ्रान्सच्या उत्तर भागात, पॅरिसपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, एन आणि एलेत या दोन नद्यांच्या मधोमध चुनखडीच्या दगडाची एक डोंगररांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. ती सुमारे तीस किलोमीटर लांब आहे. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला ती टेकड्यांची ओळच वाटेल, कारण नदीच्या पात्रापासून तिचा माथा जेमतेम शंभर-दीडशे मीटर उंच आहे; मात्र माथा सपाट, उतार तीव्र आणि मधूनमधून खाली उतरलेल्या सोंडा व घळी, अशी तिची ठेवण आहे. अठराव्या शतकात राजा पंधराव्या लुईच्या मुली या माथ्यावरून आपल्या परिचयाच्या एका सरदारघराण्याच्या वाड्याकडे ये-जा करत, म्हणून त्या वाटेला ‘शमँ दे दाम’, म्हणजे राजघराण्यातील स्त्रियांची वाट, असे नाव पडले. पुढे सगळी रांगच त्या नावाने ओळखली जाऊ लागली.

१६ एप्रिल १९१७ रोजी सकाळी सहा वाजता फ्रेंच सैन्याने ही रांग जिंकण्यासाठी चढाई केली. ती फसली, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत फ्रेंच सैन्याच्या जवळजवळ निम्म्या डिव्हिजनांमध्ये, म्हणजे हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्यांमध्ये, सैनिकांनी पुढे जाण्यास नकार दिला. पहिल्या महायुद्धात याहून अधिक माणसे मारली गेलेल्या लढाया अनेक झाल्या. २२ ऑगस्ट १९१४ या एकाच दिवशी फ्रान्सचे सुमारे सत्तावीस हजार सैनिक मारले गेले होते, आणि १९१६ मध्ये व्हर्डनच्या दहा महिन्यांच्या लढाईत दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख लोक मेले. तेव्हा सैन्य मोडले नाही; मग १९१७ च्या वसंतातच का मोडले, हे केवळ मृतांच्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी चढाईपूर्वी सैनिकांना काय सांगण्यात आले होते, हे पाहावे लागते.

त्याआधी खंदकयुद्धाची अडचण थोडक्यात समजून घेऊ. १९१४ च्या शरद ऋतूपासून स्वित्झर्लंडच्या सीमेपासून उत्तर समुद्रापर्यंत दोन्ही सैन्ये समोरासमोर खंदक खणून बसली होती. शत्रूचा पहिला खंदक घेणे फारसे अशक्य नव्हते; पुरेसे तोफगोळे टाकले आणि पुरेशी माणसे गमावण्याची तयारी ठेवली, तर तो घेता येत असे. खरा प्रश्न त्यानंतर सुरू होई. हल्ला करणारा सैनिक स्वतःच्याच तोफांनी नांगरलेल्या, खड्ड्यांनी आणि चिखलाने भरलेल्या जमिनीवरून पाठीवर ओझे घेऊन पायी चालत असे, तर बचाव करणाऱ्याची राखीव फौज मागच्या शाबूत प्रदेशातून रेल्वेने आणि रस्त्याने त्याच्यापेक्षा कितीतरी लवकर त्या ठिकाणी पोहोचत असे. पुढे गेलेल्या तुकडीच्या टेलिफोनच्या तारा तोफमाऱ्यात तुटत, म्हणून ती नेमकी कुठे आहे हे मागच्या तोफखान्याला कळत नसे, आणि कळले तरी जड तोफा त्या चिखलातून पुढे ओढून नेण्यात दिवस जात. तेवढ्यात शत्रू मागे नवा खंदक खणून तयार असे. अडीच वर्षे दोन्हीकडचे सेनापती या एकाच कोड्याशी झुंजत होते.

रोबेर निव्हेल या तोफखान्यातील अधिकाऱ्याला वाटत होते की ते कोडे आपल्याला सुटले आहे. २४ ऑक्टोबर १९१६ रोजी त्याच्या सैन्याने व्हर्डनजवळचा दुओमाँ किल्ला एका दिवसात परत घेतला होता. त्याची पद्धत अशी होती, की आधी शत्रूच्या मोर्चांवर खोलवर प्रचंड तोफमारा करायचा आणि मग पायदळ निघाले की त्याच्या पुढे तोफगोळ्यांची एक भिंत ठरलेल्या गतीने सरकवत न्यायची, म्हणजे शत्रूचा सैनिक तळघरातून डोके वर काढेपर्यंत फ्रेंच सैनिक त्याच्या दाराशी असेल. व्हर्डनला ही पद्धत खरोखर यशस्वी झाली. म्हणून डिसेंबर १९१६ मध्ये जोफ्रच्या जागी निव्हेलची सरसेनापतिपदी नेमणूक झाली, आणि अनेक ज्येष्ठ सेनापतींना मागे टाकून तो पुढे गेला. त्याची आई इंग्रज असल्याने तो इंग्रजी उत्तम बोलत असे. १९१६ मध्ये सोम नदीकाठी महिनोन्‌महिने चाललेल्या लढाईतील संहारामुळे आपल्याच सेनापतींवर नाराज असलेला ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज त्याच्या बोलण्याने इतका प्रभावित झाला, की फेब्रुवारी १९१७ मध्ये कॅले येथील बैठकीत त्याने या चढाईपुरते ब्रिटिश सैन्य निव्हेलच्या अधिकाराखाली देण्याचे मान्य केले.

निव्हेलचे वचन असे होते : चोवीस, फार तर अठ्ठेचाळीस तासांत शत्रूची फळी फुटेल; आणि नाहीच फुटली, तर चढाई तिथेच थांबवू, सोमसारखी महिनोन्‌महिने चालवणार नाही. अडीच वर्षे मरण पाहिलेल्या सैनिकाला, आणि त्याच्या घरच्यांना, याहून मोठी आशा कोणती दाखवता येणार होती? हे एकदाचे शेवटचे आहे, असा विश्वास वरपासून खालपर्यंत मुद्दाम पसरवण्यात आला, आणि या गोष्टीकडे माझ्या मते पुरेसे लक्ष दिले जात नाही. चढाईच्या आदल्या आठवड्यात सैनिक खचलेले नव्हते. उलट त्यांचा उत्साह फार दिवसांनी वाढलेला होता.

दोष पद्धतीपेक्षा प्रमाणात होता. दुओमाँची आघाडी काही किलोमीटरची होती. इथे ती सुमारे चाळीस किलोमीटरची होती आणि एकाच दमात शत्रूच्या मागच्या तोफांपर्यंत पोहोचायचे होते. पाच हजारांहून अधिक तोफा गोळा केल्या, तरी त्या एवढ्या लांबीवर आणि एवढ्या खोलीवर वाटल्यावर दर मीटरवर पडणारा मारा विरळ झाला. शिवाय फ्रेंच खाली दरीत होते आणि जर्मन वर माथ्यावर. जर्मनांना सप्टेंबर १९१४ पासून ती जागा तयार करायला अडीच वर्षे मिळाली होती. या डोंगरात शतकानुशतके दगड काढल्याने पोखरलेल्या मोठमोठ्या खाणी आहेत. त्यांपैकी एकीला जर्मनांनी ‘ड्रॅगनची गुहा’ असे नाव दिले होते आणि अशा खाणींत त्यांनी झोपण्याच्या जागा, विजेचे दिवे, दवाखाने, दारूगोळ्याची कोठारे उभारली होती. वर लाखो गोळे पडत असताना सैनिक आत सुरक्षित बसू शकत होते. त्यांची मुख्य फळी माथ्याच्या मागच्या, उत्तरेकडील उतारावर होती, म्हणजे खालून पाहणाऱ्या फ्रेंच निरीक्षकांना ती दिसतच नव्हती.

त्यातच परिस्थिती पालटली. फेब्रुवारी-मार्चमध्ये जर्मनांनी पश्चिमेकडील आपली आघाडी आपणहून मागे घेऊन ती नव्या, पक्क्या मोर्चांवर आणली. त्यामुळे निव्हेलच्या आराखड्यातला एक मोठा भाग निरर्थक ठरला आणि जर्मनांच्या डझनभराहून अधिक डिव्हिजन मोकळ्या झाल्या. मार्चमध्ये रशियात क्रांती होऊन झार पायउतार झाला. एप्रिलच्या सुरुवातीला जर्मनांनी फ्रेंच खंदकावर टाकलेल्या छाप्यात आराखड्याचे कागदच त्यांच्या हाती लागले. निव्हेलला हे कळले होते, तरीही त्याने चढाईचा दिवस किंवा जागा बदलली नाही.

नवा युद्धमंत्री पोल पँलव्हे हा मूळचा गणितज्ञ होता, आणि त्याला हा हिशेब पटत नव्हता. ६ एप्रिल रोजी, ज्या दिवशी अमेरिकेने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले त्याच दिवशी, कोंपियेन येथे राष्ट्राध्यक्षांच्या रेल्वेगाडीत एक बैठक झाली. ज्या सेनापतींना ही चढाई लढायची होती, त्यांतील काहींनी तिथे शंका बोलून दाखवल्या. व्हर्डनच्या बचावामुळे नावाजलेला सेनापती पेताँ याचे मत होते की पहिली फळी घेता येईल, पण त्यापलीकडे जाण्याचे बळ आपल्याकडे नाही. निव्हेलने राजीनामा पुढे केला. तीन दिवसांनी ब्रिटिश सैन्य आरासजवळ हल्ला करणार होते, वर्तमानपत्रांनी ज्याला डोक्यावर घेतले होते असा सरसेनापती पदावरून गेला असता, आणि हे सारे जर्मनांच्या डोळ्यांदेखत घडले असते; म्हणून मंत्र्यांनी राजीनामा स्वीकारला नाही. चढाई योग्य आहे असे त्या डब्यातील फार थोड्यांना वाटत होते. तरी ती थांबवण्याची जबाबदारी कोणी घेतली नाही.

१६ एप्रिलची पहाट वसंतातली असूनही हिवाळ्यासारखी होती. पाऊस, गारा आणि बर्फ पडत होते. तोफगोळ्यांची भिंत दर तीन मिनिटांना शंभर मीटर या ठरलेल्या वेगाने पुढे सरकली. चिखलाच्या उतारावर, न तुटलेल्या काटेरी तारांमध्ये अडकलेले सैनिक त्या वेगाने चढू शकले नाहीत. भिंत त्यांना मागे टाकून डोंगरापलीकडे निघून गेली. मग खाणींच्या तोंडातून जर्मन सैनिक मशिनगन घेऊन बाहेर आले. काही ठिकाणी फ्रेंच तुकड्या पुढे गेल्यावर त्यांच्या पाठीमागच्या भुयारांतून शत्रू वर आला आणि त्यांच्यावर पाठीमागून गोळीबार झाला. पहिल्या दिवशी साधारण दहा किलोमीटर पुढे जायचे ठरले होते. माथ्यावर बहुतेक ठिकाणी काहीशे मीटरच जाता आले.

पूर्वेच्या टोकाला, बेरी-ओ-बाकजवळच्या सपाट भागात, फ्रान्सने आपले रणगाडे प्रथमच युद्धात उतरवले. सव्वाशेच्या आसपास श्नायडर रणगाडे दिवसाउजेडी, जर्मन तोफांच्या डोळ्यांसमोर रांगेने पुढे निघाले. त्यांच्या इंधनाच्या टाक्या धोक्याच्या जागी होत्या, त्यामुळे गोळा लागला की गाडी पेट घेई आणि आतले लोक जळून मरत. निम्म्याहून अधिक रणगाडे गमावले गेले आणि एका तुकडीचा प्रमुख मेजर बोस्यू त्याच दिवशी मारला गेला.

पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या सैनिकांचा विचार वेगळा करावा लागतो. त्या सैनिकांना सरसकट ‘सेनेगाली’ म्हणत, जरी ते आजच्या माली, गिनी, बुर्किना फासो अशा अनेक प्रदेशांतून आलेले होते. सहाव्या सैन्याचा सेनापती शार्ल मांजँ हा १९१० पासून पश्चिम आफ्रिकेत मोठी फौज उभारण्याचा पुरस्कार करत होता, आणि त्याने त्यांच्या अनेक बटालियन पहिल्या लाटेत घातल्या. त्यांची हिवाळी छावणी दक्षिण फ्रान्सच्या उबदार किनाऱ्यावर असे. तिथून त्यांना आणून बर्फातल्या खंदकांत उभे केले, तेव्हा थंडीने बधिरलेल्या बोटांनी बंदूक धरणेही कित्येकांना जमेना. त्यांच्यातील हजारो लोक मारले गेले आणि जखमी झाले. सेनेगालचा प्रतिनिधी ब्लेझ दिआन्य याने जूनमध्ये फ्रेंच संसदेत याबद्दल संतापून जाब विचारला. तरी पुढच्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत आणखी साठ हजारांहून अधिक सैनिकांची भरती झाली, आणि ती करून देण्याचे काम नागरी अधिकारांच्या आश्वासनावर दिआन्यनेच अंगावर घेतले. परक्या साम्राज्यासाठी लढून हक्क मिळतील ही आशा त्याच काळात आपल्याकडच्या अनेक नेत्यांनीही धरली होती, म्हणून हा प्रसंग भारतीय वाचकाला अनोळखी वाटू नये.

आता अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब करू. १८ एप्रिलला फळी फुटलेली नव्हती, तरी चढाई थांबली नाही. ती कमी-अधिक जोराने ९ मेपर्यंत चालली. पहिल्या दहा दिवसांत सुमारे तीस हजार फ्रेंच सैनिक ठार आणि एक लाखाच्या आसपास जखमी झाले, असा आकडा सामान्यतः दिला जातो. मोजणीची मुदत आणि आघाडीची लांबी बदलली की तो बदलतो. जखमींची सोय झटपट विजय गृहीत धरून केलेली होती, त्यामुळे ती पहिल्याच दिवशी कोलमडली आणि माणसे स्ट्रेचरवर, उघड्यावर, बर्फात पडून राहिली. न्याय्यपणे सांगायचे तर हाती काहीच लागले नाही असे नव्हे : सुमारे वीस हजार जर्मन कैदी पकडले गेले, मेच्या सुरुवातीला क्रान हे गाव आणि त्यावरचे पठार फ्रेंचांनी घेतले, आणि जर्मनांचीही हानी प्रचंड झाली. १९१५ च्या चढायांशी तुलना केली तर ही कामगिरी कमी नव्हती. पण सैनिकांना १९१५ शी तुलना करायला सांगितलेले नव्हते. १५ मे रोजी निव्हेलला पदावरून दूर करून पेताँला आणण्यात आले.

तोवर नकाराला सुरुवात झालेली होती. पुन्हा आघाडीवर जाण्याचा हुकूम आला की एखादी पलटण छावणीतून हलत नसे, जंगलात जाऊन बसे किंवा आगगाडीतून उतरून सभा भरवी. काही तुकड्या आघाडीकडे जाताना मेंढरांसारख्या बें-बें करत चालल्या. आम्हाला कत्तलखान्याकडे नेले जात आहे, हे त्यांना अधिकाऱ्यांना ऐकवायचे होते. लाल झेंडे दिसले, स्थानकांच्या काचा फुटल्या, पॅरिसला जाऊन संसदेसमोर म्हणणे मांडू असे काही जण म्हणाले. त्याच दिवसांत पॅरिसमध्ये कामगार स्त्रियांचे संप चालू होते, आणि तिथे वसाहतींतील सैनिक फ्रेंच सैनिकांच्या बायकांवर गोळ्या झाडत आहेत अशी खोटी अफवा छावण्यांत पसरली होती. प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांची संख्या साधारण तीस ते चाळीस हजार मानली जाते, मात्र त्याचा स्पर्श झालेल्या डिव्हिजनांची संख्या पन्नासच्या वर जाते.

इतिहासात याला ‘बंड’ म्हणतात. लष्करी कागदांत पेताँने ‘सामूहिक बेशिस्त’ असा शब्द वापरला. मला मराठीतला ‘संप’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. या सैनिकांनी शत्रूशी संधान बांधले नाही, अधिकाऱ्यांवर हात टाकल्याच्या घटना फार थोड्या घडल्या, आणि ज्या तुकड्या खंदकांत होत्या त्यांनी खंदक सोडले नाहीत. त्यांचे म्हणणे असे होते, की आम्ही देशाचा बचाव करू, पण न कापलेल्या तारांवर आम्हाला पुन्हा पाठवू नका. त्याबरोबर ठरलेली रजा मिळावी, जेवण खाण्याजोगे असावे, विश्रांतीच्या दिवसांत खरोखर विश्रांती मिळावी, अशा अगदी साध्या मागण्या होत्या. ज्याने मरायचे, त्याच्या मरणाचा विनियोग शहाणपणाने होईल एवढा भरवसा त्याला हवा होता, आणि तो एप्रिलमध्ये तुटला होता.

पेताँने शिक्षा आणि सुधारणा ही दोन्ही साधने एकाच वेळी वापरली. लष्करी न्यायालयांनी तीन हजारांहून अधिक सैनिकांना दोषी ठरवले, पाचशेहून अधिक जणांना मृत्युदंड सुनावला. त्यांपैकी बहुतेकांच्या शिक्षा सौम्य करण्यात आल्या आणि प्रत्यक्षात पन्नासपेक्षा कमी जणांना गोळ्या घातल्या गेल्या. दुसरीकडे दर चार महिन्यांनी सात दिवसांची रजा पक्की करण्यात आली, स्वयंपाक सुधारला, रजेवर जाणाऱ्यांसाठी स्थानकांवर जेवणाची सोय झाली. पेताँ स्वतः नव्वदच्या आसपास डिव्हिजनांना जाऊन भेटला. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याने मोठ्या चढाया बंद केल्या. आपण रणगाड्यांची आणि अमेरिकनांची वाट पाहणार, असे त्याने सांगितले, आणि ते त्याने पाळले. ऑक्टोबर १९१७ मध्ये माल्मेझाँ येथे त्याने अरुंद आघाडीवर, भरपूर तोफा आणि मर्यादित उद्दिष्ट ठेवून हल्ला केला. चार दिवसांत तो यशस्वी झाला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला जर्मनांनी सगळी रांग सोडली. एप्रिलमध्ये एवढ्या माणसांच्या जिवावर जे मिळाले नव्हते, ते असे मिळाले.

आणि सात महिन्यांच्या आत ते पुन्हा गेले. सहाव्या सैन्याचा नवा सेनापती द्युशेन याने पेताँची सूचना डावलून आपले बहुतेक पायदळ माथ्यावरच्या पुढच्या खंदकांत दाटीने उभे केले; २७ मे १९१८ रोजी जर्मन तोफांनी ते खंदक उद्ध्वस्त केले आणि संध्याकाळपर्यंत जर्मन सैन्य रांग ओलांडून एन नदीच्याही पलीकडे गेले. ज्या डोंगरासाठी वर्षभर रक्त सांडले, तो एका दिवसात हातचा गेला.

या चढाईचे दूरवरचे परिणाम मोजताना सावध राहायला हवे. १९४० मध्ये जर्मनीकडून झालेला फ्रान्सचा पराभव थेट १९१७ मधून निघाला, असे म्हणणे इतिहासाला फार सोपे करून टाकणे होईल. तरीही काही धागे स्पष्ट आहेत. माणसांपेक्षा काँक्रीट खर्ची घालावे, या विचाराला १९२० च्या दशकात जे बळ मिळाले त्यात १९१७ चा अनुभव होता. सीमेवर तटबंदी उभारण्याची तयारी ज्याच्या कारकिर्दीत सुरू झाली तो युद्धमंत्री पँलव्हेच होता, ज्याला कोंपियेनच्या रेल्वेगाडीत चढाई थांबवता आली नव्हती. त्याच्यानंतरचा युद्धमंत्री मॅजिनो याचे नाव त्या तटबंदीला पुढे मिळाले. दुसरा धागा पेताँचा आहे. ‘सैनिकांचे प्राण जपणारा सेनापती’ ही त्याची ख्याती व्हर्डनइतकीच १९१७ च्या उन्हाळ्यात घडली. १७ जून १९४० रोजी चौऱ्याऐंशी वर्षांच्या पेताँने रेडिओवरून लढाई थांबवायला हवी असे जाहीर केले, तेव्हा त्या पिढीतल्या असंख्य माणसांनी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण एकदा त्याने शब्द पाळलेला त्यांनी पाहिला होता. त्या विश्वासावर उभ्या राहिलेल्या पेताँच्या सरकारने, म्हणजे विशी या गावातून चाललेल्या ‘विशी सरकारने’, पुढे नाझींशी सहकार्य केले आणि हजारो ज्यूंना त्यांच्या हवाली केले.

जमिनीवरचा परिणाम आजही पाहता येतो. अय, कूर्तकों ही गावे पुन्हा वसलीच नाहीत. त्यांची नावे शेजारच्या गावांना जोडून तेवढी जिवंत ठेवली आहेत. क्रान पुन्हा बांधले, पण मूळ जागी नव्हे. ती जमीन गोळ्यांनी आणि प्रेतांनी इतकी भरली होती, की नवे गाव उताराच्या पायथ्याशी वसवावे लागले. जुन्या गावठाणावर आता झाडे लावलेली आहेत आणि त्यांच्या सावलीत तोफगोळ्यांच्या खड्ड्यांचे चढउतार गवताखालून दिसतात. आसपासच्या शेतांत नांगरणीच्या वेळी न फुटलेले गोळे अजूनही वर येतात.

आठवणीचा प्रश्न त्याहून अवघड ठरला. युद्धकाळात हा नकार इतका गुप्त राखला गेला, की जर्मनांनाही त्याचा पूर्ण आवाका कळला नाही. खटल्यांची कागदपत्रे अनेक दशके बंद राहिली, आणि १९६० च्या दशकात गी पेद्रोन्सिनी या इतिहासकाराने ती तपासल्यावरच नेमके काय घडले याचा नीट अभ्यास सुरू झाला. ५ नोव्हेंबर १९९८ रोजी पंतप्रधान लिओनेल जोस्पँ यांनी क्रान येथे बोलताना, धडा म्हणून गोळ्या घातल्या गेलेल्या सैनिकांना राष्ट्राच्या सामूहिक स्मृतीत पुन्हा पूर्ण स्थान मिळावे, असे म्हटले. राष्ट्राध्यक्ष शिराक यांच्या बाजूने त्यावर लगेच नापसंती व्यक्त झाली. या वादात एक गफलत नेहमी होते. फ्रान्समध्ये युद्धकाळात ज्यांना गोळ्या घातल्या गेल्या त्यांतील बहुसंख्य लोक १९१४ आणि १९१५ मध्ये, घाईघाईने चालवलेल्या खटल्यांनंतर मारले गेले. १९१७ चे त्या मानाने थोडे होते. तरीही सगळ्यांची आठवण क्रानच्या नावाभोवतीच गोळा झाली आहे.

१६ एप्रिल २०१७ रोजी, चढाईला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद या डोंगरावर आले. या चढाईच्या स्मृतिदिनी राष्ट्राध्यक्षाने तिथे येण्याची ती पहिली वेळ होती. आज्ञाभंगासाठी गोळ्या घातल्या गेलेल्या सैनिकांचा सन्मान परत करणारे विधेयक फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने जानेवारी २०२२ मध्ये संमत केले. सिनेटने ते २०२३ मध्ये फेटाळले.